लढाईचं चित्र आणि आम्ही चार बाया

चार बाया एका बाकावर बसवल्या की किस्से गोळा करावे लागत नाहीत, खराट्यानं झाडून बाहेर टाकावे लागतात! आमचा पांढरकवड्याचा रविवारचा दहावीचा वर्ग तसाच. सगळ्या चाळिशी उलटलेल्या, अंगणवाडीच्या मदतनीस. माझी शाळा चौथीपर्यंत. दहावी झाल्याशिवाय सेविका होता येत नाही, आणि मी इतिहासात दोनदा आपटलेली. दोन्ही वेळा एकाच प्रश्नानं खाल्लं: 'व्यंगचित्राचे निरीक्षण करा.'

म्हणून सरांनी दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचं एक चित्र फळ्यावर लावलं. टेबलाशी एक अस्वल बसलेलं.

"अस्वल म्हणजे रशिया," सर म्हणाले.

मंदाबाई ताडकन उठली. तिच्या सासऱ्याला मोहाच्या झाडाखाली अस्वलानं फाडलं होतं. "सर, माह्या सासऱ्याचा गाल काय रशियानं ओरबाडला? वनखात्यात असं बोलू नका हो, भरपाईची केस तिथंच अडकून हाये!"

*

त्याच चित्रात वर एक कबुतर. "हे शांततेचं प्रतीक."

आता मीच तापले. आमच्या अंगणवाडीच्या टिनाखाली कबुतरांचा मुक्काम. लेकरं यायच्या आत फरशी खरडता खरडता माझी कंबर मोडते.

"सर, एक दिवस या आमच्याकडं. तुमची शांतता कशी खरडावी लागते, ते दाखवते!"

*

अस्वलाच्या मागं हाडांचा सापळा, हातात लांब दांड्याचा विळा. सुमनचं सोयाबीन वावरात वाळून उभं, कापायला माणूस मिळेना. ती टक लावून पाहत होती.

"सुमनताई, हा कोण?"

"मजूर दिसते. आमच्याकडं पाठवता काय?"

"अहो, तो मृत्यू आहे!"

"असू द्या ना. दांडा लांब हाये, वाकायचं काम नाही त्याले!"

सरांनी खडू खाली ठेवला.

*

सिंह म्हणजे इंग्लंड, एवढं मात्र आमच्या डोक्यात पक्कं बसलं. जरा जास्तच! चौकात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं फ्लेक्स लागलं. गॉगलवाले भाऊ, पाठीमागं डरकाळी फोडणारा सिंह. खाली भाऊ स्वतः हार घ्यायला उभे. आमची शोभा तिथंच थांबली.

"काहून हो भाऊ, तुमच्या मागं इंग्रज काहून उभा हाये?"

पुढच्या रविवारी आमचा वर्ग कडुलिंबाखाली भरला. खोली भाऊंची होती!

*

परीक्षेआधी आठवडाभर मी सगळी जनावरं घोकली. पेपर हातात आला. तोच प्रश्न! आणि वरच्या चौकटीत चित्र... कुठलं चित्र? छापणाऱ्यानं नुसता काळा डाग उमटवलेला. कोपऱ्यात कुणाचा तरी बूट, बस.

मी उभी राहिले. "मॅडम, इथं तर काहीच नाही!"

"सगळ्यांना तसंच आलंय. दिसतं ते लिहा. खाली बसा."

रागानं डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्यांदा नापास होऊन पुन्हा फरशीच खरडायची काय? मागून मंदाबाई कुजबुजली, "सोडून दे वं." मी नाही सोडला.

निकाल लागला. इतिहासात पास! सर पेढा हातात धरून विचारू लागले, "त्या काळ्या चौकटीवर काय लिहिलंत तुम्ही? बाकी सगळ्यांनी कोरं ठेवलं."

"दिसलं ते लिहिलं," मी म्हटलं. "लढाई झाल्यानंतरचं गाव."