मन्मथअप्पांवर टपलेला ऑपरेटर

शेअरचे भाव हवे तसे खालीवर करणारा मुंबईतला कोणीतरी ऑपरेटर आपल्यावर डोळा ठेवून आहे, अशी मन्मथअप्पांची पक्की खात्री झाली होती. अप्पांचं पाटोद्यात सरकी-पेंडीचं दुकान. त्यांनी दोन रुपये चाळीस पैशांचा शेअर घेतला, की तो घसरायचा. वैतागून थोडे विकले, की लगेच चढायचा. एवढ्या मोठ्या बाजारात आपल्याच दोन हजार शेअरांवर कोणी टपून बसलंय, या विचाराने अप्पांना संताप यायचा. आणि खरं सांगायचं तर थोडी ऐटही वाटायची. पाटोद्यात त्यांची इतकी दखल कोणी घेतली नव्हती.

एकदा तर ऑपरेटरला फसवायला ते मोबाइलसमोर मोठ्याने म्हणाले, "आज सगळे विकणार!" आणि गुपचूप आणखी हजार घेतले. शेअर पुन्हा पडला.

"अहो, गिऱ्हाईक उभंय," बायको नीलाबाई म्हणाल्या.

"गिऱ्हाईकच कशावरून?"

आले होते शेळ्या राखणारे तात्याबा, पेंड न्यायला. त्यांनी पोत्यावर बसून अप्पांची सगळी कैफियत ऐकली.

"आमच्या बाजारात बी हेच चालतंय," ते म्हणाले. "दोघं साडू एकच बोकड एकमेकाला इकत्यात, दर बारीला भाव चढवून. तिसरा भुलला की बोकड त्याच्या गळ्यात. अप्पा, ह्यो शेअर घ्या म्हणून तुमाला कुनी सांगितलं?"

"आमच्या ग्रुपवरच्या सरांनी. देवमाणूस! एक पैसा घेत नाहीत."

"मग सरांकडं किती हायती?"

अप्पांनी आजवर जावयावर, मोबाइलच्या टॉवरवर, बँकेतल्या कारकुनावर संशय घेतला होता. पण सरांवर? छे! तरी तात्याबांचं तोंड बंद व्हावं म्हणून त्यांनी ग्रुपवर अदबीने विचारलं, "सर, आपण स्वतः हा शेअर घेतलाय, की विकताय?"

मिनिटभरात सरांनी अप्पांना ग्रुपमधून काढून टाकलं.

पुढे शेअर पन्नास पैशांवर आला आणि घ्यायलाच कोणी उरलं नाही. बुडालेले पैसे अप्पांनी कसेबसे पचवले. सरांनी काढलं, ते मात्र पचेना. जेवण गोड लागेना.

"तक्रार तरी करा त्या सराची," नीलाबाई म्हणाल्या.

"त्यांचा काही गैरसमज झाला असेल," अप्पा म्हणाले.

सोमवारी त्यांनी नीलाबाईंचा मोबाइल घेतला आणि त्या नंबरवरून पुन्हा ग्रुपमध्ये शिरले. सरांनी लगेच हात जोडलेलं चित्र पाठवलं: 'ताई, आपलं मनापासून स्वागत.'

अप्पांना भरून आलं.