राखून ठेवलेली सर्व्हिस

ठाकुर्लीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेली वैशाली गायकवाड टेनिस शिकली ती साहेबलोकांच्या क्लबातल्या कोर्टावर. वडील रेल्वेत फिटर. त्यांनीच कुणाकुणाला गाठून पोरीला आत खेळायला मिळवून दिलं. वैशाली डावखुरी, आणि तिची सर्व्हिस अशी बाहेर वळायची की समोरची नुसती बघत राहायची. त्या सर्व्हिसच्या जोरावर ती देशोदेशी खेळून आली. पण मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत, म्हणजे मेन ड्रॉमध्ये, काही शिरता आलं नाही; दर वेळी पात्रता फेरीतच गाडी अडायची. शेवटी खांदा गेला, आणि ती माजिवड्याला एका सोसायटीच्या कोर्टावर मुलांना शिकवू लागली.

तिथे कृतिका आली. तीही डावखुरी. पोरीचा हात असा की शाबासकी देता देता वैशालीच्या पोटात दुखायचं. तिने कृतिकाला सगळं शिकवलं, फक्त ती सर्व्हिस तेवढी नाही.

"ताई, तुमची ती सर्व्हिस मला कधी शिकवणार?"

"आधी पाय नीट हलव."

वर्षभर हेच उत्तर.

पुण्याच्या स्पर्धेत कृतिका पात्रतेचा शेवटचा सामना खेळत होती. वैशाली बाहेर बसून टाळ्या वाजवत होती आणि मनात म्हणत होती, हर गं, एकदा तरी हर. पोर जिंकली. धावत येऊन गळ्यातच पडली.

"ताई, आपण मेन ड्रॉमध्ये!"

त्या 'आपण'ने वैशालीच्या अंगाची आग झाली. "सेकंड सर्व्ह फार हळू होती," एवढंच ती बोलली.

पुढच्याच सामन्यात समोरचीने नेमकी तीच सर्व्ह झोडपून काढली. कृतिका हरली. वैशालीला वाटलं होतं, आता गार वाटेल. तसं काही झालं नाही. परतताना बसमध्ये पोर म्हणाली, "तुम्ही बोललेलात, ताई. माझी सर्व्हिसच बेकार आहे." तिच्या बोलण्यात तक्रारीचा शब्द नव्हता. वैशालीला तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी तिने कृतिकाला एकटीला बोलावलं. "बॉल जरा डावीकडे उडव. मनगट सैल सोड. आता बाहेरून कापत ने."

थोड्याच दिवसांत कृतिकाचा बॉल टप्पा पडल्यावर वळून थेट बाजूच्या कुंपणाच्या जाळीवर आदळू लागला. वैशालीचा ऐन उमेदीतही कधी एवढा वळला नव्हता. तिचा जीव जळला तो जळलाच.

"ताई, बरोबर?"

"बरोबर," वैशाली म्हणाली. "चल, आता पलीकडून मार."