दोन चाकांवर उभा राहिलेला विमलताईंचा व्यवसाय

विमलताई बोरसे यांची आणि माझी पहिली भेट सिल्वासाजवळ खडोलीच्या रस्त्यावर झाली, तेव्हा मी रडत होते. मी एका कारखान्यात पॅकिंगला होते. त्या आठवड्यात दोनदा उशीर झाला होता आणि तिसऱ्यांदा झाला तर गेटवरून परत पाठवीन, असे सुपरवायझरने बजावले होते. शेअर रिक्षा भरभरून पुढे जात होत्या. तेवढ्यात एक स्कूटर थांबली. चालवणाऱ्या बाईंनी पदर घट्ट खोचलेला, डोक्यावर हेल्मेट. मागे मांडीवर डबा घेऊन एक गृहस्थ बसलेले.

“कुठं जायचं?”

“खडोली. आठची शिफ्ट.”

बाई मागे वळून म्हणाल्या, “अहो, तुमची नऊची आहे. उतरा, रिक्षानं या.”

गृहस्थ हसत उतरले. ते ताईंचे यजमान, आम्हा सर्वांचे अण्णा. गेटपाशी मला उतरवताना ताईंनी विचारले, “गाडी येते का?”

“मला सायकलसुद्धा येत नाही.”

“बरंच झालं. वाईट सवयी नसतील. सुट्टीच्या दिवशी ये, मी शिकवते.”

ताई मूळच्या शिरपूरच्या. त्यांच्या मामांचे तिथे गाड्या दुरुस्तीचे दुकान होते. शाळेतून आल्यावर घरी न जाता त्या दुकानात जाऊन बसत आणि नुसत्या आवाजावरून कोणत्या गाडीचे काय बिघडले ते सांगत. लग्नानंतर सिल्वासात डोकमर्डीला बिऱ्हाड झाले. अण्णांनी कामावर जाण्यासाठी जुनी स्कूटर घेतली, पण वर्दळीत त्यांचा हात कापायचा. मग ताईच त्यांना सोडू लागल्या. लोक हसत. अण्णा मात्र ऐटीत मागे बसत आणि ओळखीचे कुणी दिसले की हात करत.

शिकायला गेले त्या दिवशी ताईंनी मला इंजिन सुरूच करू दिले नाही. तासभर गाडी स्टँडवर चढवायची, उतरवायची, एवढेच. मी कंटाळले तशा आपल्या खानदेशी बोलीत म्हणाल्या, “उभी गाडी सांभाळता येईना, मग पळती कसाले मागतेस?” तीन आठवड्यांनी मी एकटी खडोलीला जाऊन आले.

त्या काळी ताई कुणाकडून पैसे घेत नसत. शिकायला येणाऱ्या बायका मेथीची जुडी किंवा नारळ आणून देत. शेजारच्या हंसाबेन म्हणायच्या, “बेन, मफत शीखवो छो ने, एटले कोई टाइमसर आवतुं नथी.” फुकट शिकवता म्हणूनच कुणी वेळेवर येत नाही, हे त्यांचे म्हणणे ताई हसून टाळत. आपल्या आवडीच्या कामाचे पैसे मागायची त्यांना लाज वाटे.

पुढे ताईंच्या स्कूटरवर शिकताना रेखाचा अपघात झाला. रेखा सूत कारखान्यात कामाला. वळण घेताना तिने ब्रेक दाबला, तो वेळेवर लागला नाही आणि तिचे डावे मनगट मोडले. रोजच्या शिकाऊ हातांखाली ब्रेक झिजले होते. ते बदलायला हवेत हे ताईंना ठाऊक होते, पण घरखर्चातून जमेना म्हणून त्या पुढे ढकलत राहिल्या होत्या. त्याच दिवशी त्यांनी शिकवणे बंद केले. दुसऱ्या सकाळी त्या रेखाच्या दारात उभ्या राहिल्या. तिच्या नवऱ्याने विचारले, “आता आणखी काय करायचं राहिलं?”

ताई म्हणाल्या, “भाकरी राहिल्यात. तिचा हात बांधलाय. आणि चूक तिची नाही भाऊ, माझी आहे.”

प्लास्टर निघेपर्यंत त्या रोज जाऊन भाकरी थापून येत होत्या. पहिले आठ दिवस तो माणूस त्यांच्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी त्याने चहा पुढे केला.

हात बरा झाल्यावर रेखा ताईंच्या घरी आली. मी तेव्हा तिथेच होते.

“ताई, माझं वळण शिकायचं राहिलंय.”

“मी बंद केलंय ते.”

“मग आम्ही नवऱ्यांकडून शिकायचं? ते शिकवत कमी, ओरडतात जास्त. पैसे घ्या, पण ब्रेक चांगले ठेवा.”

ताईंनी पदराने डोळे पुसले. म्हणाल्या, “उद्या सकाळी ये.” फी मात्र त्यांच्या तोंडून निघेना. ती मीच सांगून टाकली. त्यांच्यासोबतच्या माझ्या नोकरीचा तोच पहिला दिवस म्हणायला हरकत नाही.

आज टोकरखाड्यात ताईंची शेड आहे, पाच स्कूटर आहेत आणि आम्ही तिघी पगारी शिक्षिका आहोत. शिकाऊ परवाना नसेल तर ताई हँडलला हात लावू देत नाहीत. रोज सकाळी पाचही गाड्यांचे ब्रेक त्या स्वतः तपासतात. व्यवसायात नफा आहे आणि आता त्या तो उघडपणे सांगतात. म्हणतात, “नफा आहे म्हणून टायर नवे आहेत.” एका मॅनेजरसाहेबांच्या पत्नीने कामगार बायकांपेक्षा वेगळी वेळ मागितली, तेव्हा ताईंनी शांतपणे विचारले, “पुढं रस्ता वेगळा मिळणार आहे का?” त्या बाई त्याच तुकडीत शिकल्या.

ताई तापट आहेत, हेही लिहायला हवे. हँडलला पिशवी अडकवली म्हणून त्या मला सगळ्यांसमोर बोलल्या होत्या. मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्यांनी शेवभाजीचा डबा आणला. माफी मागितली नाही, पण मी जेवून होईपर्यंत समोर बसून राहिल्या.

मी कारखाना सोडायचे ठरवले तेव्हा माझ्या सासूबाईंचा सक्त विरोध होता. ताई घरी आल्या, वाद घातला नाही, सासूबाईंना मागे बसवून देवदर्शनाला घेऊन गेल्या. परतल्यावर सासूबाई नोकरीबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. विचारले एवढेच, “त्या बाई परत कधी येणार?”

नुकतीच ताईंनी साठी पूर्ण केली. परवाना नव्याने काढायला मी त्यांच्याबरोबर गेले होते. खिडकीतला तरुण कारकून कागद पाहून म्हणाला, “मासी, अब पाँच साल का ही मिलेगा.”

“दे दो,” ताई म्हणाल्या, “पाँच साल बाद फिर आऊँगी.”

ताई, दर पाच वर्षांनी तुम्ही त्या खिडकीशी धडधाकट पायांनी आणि स्वच्छ नजरेने उभ्या राहा, आणि तो कारकून निवृत्त व्हायला आला तरी तुमचे येणे थांबू नये, हीच आम्हा सर्व विद्यार्थिनींची मनापासूनची इच्छा.