प्लॅन ए, बी, सी आणि परब मॅडम

कॅम्पचे किस्से ठरवून कुणी गोळा करत नाही. तेवीस मुली आणि दोन कोच पंचवीस दिवस एका मैदानावर सोडा, मोज्यांचा ढीग आणि किश्शांचा ढीग बरोबरीने वाढतो. मोजे धुऊन टाकले. किस्से उरलेत, ते सांगते.

भारताच्या मुलींच्या फुटबॉल टीमची मी असिस्टंट कोच होते. घर माझं मुलुंडला, कॅम्प अंधेरीत. हेड कोच परब मॅडम, बोरिवलीच्या, मूळच्या कणकवलीकडच्या. कॅम्पच्या शेवटी एक मॅच होती. जिंकलो तर पुढच्या स्पर्धेत जाणार. नाही जिंकलो तर मॅडमची खुर्ची जाणार आणि तिच्यावर परदेशी कोच बसणार. फेडरेशनच्या वरच्या साहेबांनी हे पहिल्याच दिवशी सगळ्या मुलींसमोर सांगून टाकलं!

मॅडम एवढंच म्हणाल्या, "ठीक आहे. जिंकू."

*

तिसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर पोचलो तर अर्ध्या भागात मंडपाचे बांबू! कुणाच्या तरी लग्नाचं बुकिंग. मी म्हटलं, "वाट लागली मॅडम. प्रॅक्टिस कॅन्सल करू?"

"कशाला? समोरची टीम आपल्याला जागा देणारच नाहीये. मग जागा नसताना खेळायला शिकू."

आणि बाई खरंच मुलींना घेऊन त्या बांबूंमध्ये शिरल्या! बांबूंच्या मधून पास द्यायचा, बांबूला बॉल लागता कामा नये. मंडपवाला कपाळाला हात लावून बघत बसला. असं चार दिवस चाललं, मग तक्रार घेऊन आला, "मॅडम, आज तुमच्या पोरींनी माझे तीन बांबू पाडले."

"पहिल्या दिवशी किती पाडले होते?"

"बावीस."

"मग झकास चाललंय की!"

*

दर गुरुवारी अदलाबदल असायची. गोलकीपर पुढे, पुढची मागे, डावीकडची उजवीकडे. आमची चार नंबरची लिंडा मणिपूरची. ती स्टॉपर, म्हणजे गोलसमोर उभं राहून आलेला बॉल उडवून लावायचा, हे तिचं काम. तिला हिंदी थोडंच यायचं, पण मॅडम चिडून मालवणीत "खंय बघतंस गो?" ओरडल्या की मान बरोबर वळायची!

पहिल्या गुरुवारी मॅडमनी तिला फॉरवर्डला पाठवलं. लिंडा जागची हलेना. डोळ्यांत पाणी. "मॅडम, मैं स्टॉपर हूँ."

"स्टॉपर पोझिशन है, सरनेम नहीं!"

गेली बिचारी तोंड फुगवून. सात वेळा गोलवर मारलं, सातही वेळा बॉल कुंपणाबाहेर. मला तिची फार दया आली. मी मॅडमना म्हटलं, "राहू द्या ना, नाही जमत तिला."

"नाही जमत ना? मग पुढच्या गुरुवारी परत."

*

आता मॅडमची फजिती. चेंबूरच्या एका क्लबच्या पोरांशी सराव मॅच ठेवली होती. मॅडमनी आदल्या दिवशी प्लॅन ए, बी, सी असे तीन कागद लॅमिनेट करून आणले. वीस मिनिटांत तिन्ही वापरून झाले! मग चौथा तोंडी. शेवटी डावीकडे आमच्या दोन मुली एकमेकींच्या पायात, आणि उजवीकडे कुणीच नाही. पाच-शून्य. पोरं दहावीतली होती हो!

परतताना रिक्षात घाटकोपर आलं. मॅडम एकदम म्हणाल्या, "शिल्पा, मी आज जरा जास्तच हुशारी केली का?"

"हो मॅडम."

"लगेच हो म्हणालीस!"

"तुम्हीच विचारलंत ना!"

दुसऱ्या दिवशी सगळ्या टीमला बसवून म्हणाल्या, "कल गलती मेरी थी. बदलना था इसलिए बदला." एवढी वर्षं मी या खेळात आहे, कोचच्या तोंडून हे वाक्य कधी ऐकलं नव्हतं. मला त्या दिवशी मॅडम फार आवडल्या. लॅमिनेट केलेले कागद कॅन्टीनवाल्याला दिले. त्याने त्यावर चहाचे ग्लास ठेवायला सुरुवात केली.

*

मॅचच्या दोन दिवस आधी साहेब आले. हातात एक आकृती, अकरा गोल आणि बाण. "मॅडम, युरोपात हल्ली असंच खेळतात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाच आकार ठेवायचा."

मॅडमनी कागद नीट बघितला. "साहेब, या मुली आहेत, कॅरमच्या सोंगट्या नाहीत. पावडर टाकून सरकणार नाहीत."

साहेबांनी कागद परत घेतला. फक्त म्हणाले, "मॅच बघायला मी आहे." मॅडम शांतपणे शिट्टी शोधत होत्या.

*

मॅच. सत्तर मिनिटं झाली, शून्य-शून्य. बरोबरी आम्हाला पुरणार नव्हती. तेवढ्यात त्यांच्या मुलीने लिंडाला ढकललं आणि रेफरीने फाउल लिंडाविरुद्धच दिला! मॅडम लाइन ओलांडून आत. हिंदीत सुरू झाल्या, मालवणीत संपल्या. रेफरीला शब्द कळला नसेल, सूर कळला. लाल कार्ड! हेड कोच बाहेर. नियम असा की थेट ड्रेसिंग रूममध्ये जायचं, तिथून मैदान दिसत नाही, निरोपही पाठवायचा नाही.

राहिले मी.

ऐंशीव्या मिनिटाला बघते तर लिंडा मागे नाहीच! हातवारे करत पुढे निघालेली, आणि तिच्या जागी एक फॉरवर्ड मागे येऊन उभी. मुलींनी आपसातच ठरवलं होतं. मी जिवाच्या आकांताने ओरडत होते, "लिंडा, पीछे! पीछे आ!" कुणी ढुंकूनही बघितलं नाही. मिनिटभरात कॉर्नर मिळाला, बॉल आला, आणि लिंडाने डोक्याने आत घातला!

एक-शून्य. शेवटची शिट्टी वाजली, जिंकलो! मी ड्रेसिंग रूमकडे पळत सुटले. सगळ्या मुली मॅडमच्या गळ्यात पडल्या, मॅडम रडत होत्या, मीही रडत होते.

इतक्यात साहेब आले. चेहरा फुललेला. मॅडमपुढे हात केला. "मॅडम, मानलं तुम्हाला! चार नंबरला पुढे पाठवायचा डाव म्हणजे कमाल. परदेशी कोचचा विषय संपला समजा. आधीच सांगून ठेवलं होतंत ना मुलींना?"

मी मनात म्हटलं, हो म्हणा मॅडम, फक्त हो म्हणा.

मॅडमनी डोळे पुसले. इतका वेळ उजव्या हाताची मूठ घट्ट होती, ती उघडली. आत चुरगळलेली चिठ्ठी. खेळाडू बदलायचा असला की कोच पंचांना देतो ना, ती. मॅडमनी ती सरळ करून साहेबांच्या हातात ठेवली.

साहेबांनी वाचली. "बाहेर, नंबर चार?"

"हो. द्यायला निघाले होते, तेवढ्यात लाल कार्ड मिळालं."