पंचफुलाबाईंचा कडक पापड

धाड गावात आमच्या शेजारच्या पंचफुलाबाईंना मोतीबिंदूमुळे दिसेनासं झालं, तेव्हा सून सारिका म्हणाली, "आत्याबाई, आता पापडाचं माह्यावर सोडा."

बाईंनी बाजारासाठी भरलेल्या डब्यातला पापड कानाशी मोडला.

"हा वातड हाय. बुरशी येईन याले."

"दिसायले तर वाळले!"

"तुले दिसते, मले ऐकू येते. वातड पापड नुसता वाकते. ऊन जास्त झालं तं ठिसूळ होऊन चुरा होते. कडक असला तं ताडकन बोलते. वातड माल माह्या नावानं जाणार नाही, अन् मी बी घरात बसणार नाही."

सारिकाने डबा उन्हात खाटेवर उपडा केला. बाई राखणीला तिथेच बसल्या. संध्याकाळी त्यांनी पुन्हा एक मोडला. तो आवाज माझ्या ओट्यापर्यंत आला.