खुशालभाऊ भुयारात उतरले

भद्रावतीच्या बसस्टँडमागे खुशालभाऊंचं नेट कॅफे होतं. पोरं तिथे खेळायला यायची, भाऊंची बोलणी खाऊन जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. २००७ च्या सुमारास पोरांना एका ऑनलाइन खेळाचं वेड लागलं होतं. तलवारी, जादू, राक्षस, आणि नवख्यांसाठी एक भुयार. पोरं त्याला डंजन म्हणत. पाच जण जमल्याशिवाय त्याचं दार उघडत नसे.

भाऊंनी ऐन उमेदीची वर्षं कोळशाच्या खाणीत, छताला लाकडी खांबांचा टेकू देण्यात घालवली होती. त्यामुळे ही पोरं भुयारात शिरायची ती रीत पाहून त्यांचं डोकं फिरायचं. जो तो एकटाच पुढे धावायचा, मरायचा आणि दुसऱ्याच्या नावाने बोटं मोडायचा.

"बैलबाजारात घुसून राह्यले का रे? एकामागं एक चला. मागचा आल्याबिगर पुढच्यानं पाय उचलायचा नाई."

मग त्यांनी रीतसर तयारी करून घेतली. निकेशने पुढे राहून मार खायचा, पायलने जखमा भरायच्या, भूपेश आणि उरलेल्या दोघांनी निकेशने अडवलेल्या राक्षसावरच वार करायचे. खेळातल्याच, भुयाराबाहेरच्या रानडुकरांवर सराव झाला. भाऊ खुर्च्यांमागे उभे राहून सूचना द्यायचे, स्वतः मात्र कधी माउसला हात लावायचे नाहीत. पोरांना वाटे, म्हातारा नुसता बोलघेवडा.

खरं कारण वेगळं होतं. खाणीत छत कोसळलं त्या दिवशी त्यांचा जोडीदार सुकलू ढिगाऱ्यापलीकडे अडकला. त्याच्या हाका ऐकू येत होत्या. भाऊ मागे वळले, पण सोबतच्यांनी काखेत हात घालून त्यांना ओढत बाहेर आणलं. मागोमाग उरलेलं छतही बसलं. सुकलूला आपण टाकून आलो, असं भाऊ तेव्हापासून स्वतःला बोल लावत आले. पुन्हा ते खाणीत उतरले नाहीत. घरात लाइट गेली तरी उठून अंगणात येत.

ठरलेल्या रविवारी दुपारी निकेशचा निरोप आला, धानाच्या रोवणीसाठी गावीच थांबलोय.

"भाऊ, तुम्हीच बसा त्याच्या जागी," पायल म्हणाली.

"मले नाई जमत."

"काऊन नाई? आम्हाले तं तुम्हीच शिकवलं."

भाऊंनी निकेशची खुर्ची पुढे ओढली. ते बसले. पडद्यावर दार उघडलं, आतला काळोख दिसला आणि त्यांच्या तळहातांना घाम सुटला. तरी पोरांना शिकवलं होतं तसे ते बेताबेताने पुढे सरकत राहिले आणि पोरं मुकाट मागे चालली. शेवटच्या राक्षसापर्यंत सगळं सुरळीत झालं. तो अर्धमेला झाला असताना बाजूच्या बोळातून राक्षसांचं आणखी एक टोळकं आलं आणि मागे राहिलेल्या पायलला त्याने घेरलं.

"भाऊ, तिले सोडा. हा थोडाच राह्यला," भूपेश म्हणाला.

भाऊ मागे वळले. या वेळी त्यांना धरायला कोणी नव्हतं. ते पायलच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले, सगळे वार अंगावर घेतले आणि पडले. मग पायल पडली, पाठोपाठ बाकीचेही. सगळी तयारी पाण्यात गेली म्हणून भूपेश चरफडत होता.

थोड्या वेळाने पडदा उजळला. भुयाराच्या दाराबाहेर, उन्हात, पाचही जण धडधाकट उभे होते. पायलही होती. खेळात मेलेला उठतोच, पोरांना त्याचं काही नवल नव्हतं. भाऊ मात्र एकेकाकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांना धार लागली आणि त्यांनी ती पुसलीही नाही.

"भाऊ, हरलो तं हरलो. रडता काऊन?" पायल घाबरून म्हणाली.

भाऊंनी मग सुकलूचं सगळं सांगितलं.

"मी वळलो होतो, पोरी," ते शेवटी म्हणाले. "पण ढिगाऱ्याच्या पल्याड त्याले ते दिसलं नसन."