खालचा

त्याला सगळे खालचा म्हणायचे. नाव होतं, पण ते फक्त आई आणि दवाखान्याचा केसपेपर एवढेच वापरायचे. वय सव्वीस. काम घरसामान चढवण्या-उतरवण्याचं, त्यातही जिन्याचं. लिफ्ट बऱ्याच इमारतींना असायच्या, पण तिथे 'लिफ्ट फक्त माणसांसाठी' अशी पाटी असायची आणि कपाटाखालच्या माणसाला त्यात धरत नसत.

जिन्यावरून कपाट नेताना एक गडी वर असतो, एक खाली. वरचा उलट्या पावलांनी चढतो, वाट सांगतो, वळणावर कोपरे सांभाळतो. वजन असतं ते खालच्याच्या अंगावर. पट्टा खांद्यावरून कपाटाखाली गेलेला, गाल लाकडाला चिकटलेला, समोरचं काही दिसत नाही. वरच्यावर भरवसा ठेवून एकेक पायरी पायाने चाचपायची. म्हणून वरचा कोण आहे याला फार महत्त्व असतं, आणि याचा वरचा म्हणजे त्याचे सख्खे दाजी होते, थोरल्या बहिणीचा नवरा.

आधी दाजी स्वतः खालचे होते. बारा वर्षं त्यांनी खाली काढली. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा ते वर गेले आणि आपल्या जागी मेहुण्याला आणलं. या धंद्यात बढती म्हणतात ती एवढीच. मालक कामाला बोलवायचा तो जोडीला. एकटा माणूस गोदामाच्या दारात उभा राहिला तर त्याला चहा मिळायचा, काम नाही. म्हणजे खालचा घरी बसला की वरच्याचीही चूल थंड, आणि वरच्याच्या घरात ताई होती, तिची तीन पोरं होती. हे खालच्याला कोणी बजावून सांगितलेलं नव्हतं, पण तो ते क्षणभरही विसरत नसे.

या कामात एकच शब्द महत्त्वाचा होता. 'टेक.' दोघांपैकी कोणीही 'टेक' म्हणालं की दुसऱ्याने कारण न विचारता असेल तिथे कपाट टेकवायचं. बोट अडकलं असेल, श्वास संपला असेल, पाय घसरला असेल, ते नंतर बघू. शब्द चांगला होता, पण बदनाम होता, आणि त्याला कारण मालक.

नव्या गड्याची मालक परीक्षा घ्यायचा. गोदामात एक लोखंडी कपाट होतं, आत विटा भरलेल्या. ते तीन मजले चढवायचं. मालक सगळ्यात वर कठड्याशी स्टूल टाकून बसायचा आणि कठड्यावरून वाकून, कपाटाकडे नाही, माणसाच्या तोंडाकडे बघत राहायचा. जो 'टेक' म्हणाला तो घरी. ज्याचा चेहरा वाकडा झाला तोही घरी. आदल्या दिवशी दाजींनी मेहुण्याला समोर बसवून शिकवलं होतं, "कळ आली की हसायचं. चांगले दात दिसले पाहिजेत. हसणाऱ्याला कोणी काढत नाही." तो तिन्ही मजले हसत चढला. मालक म्हणाला, गडी बरा आहे, आणि त्या दिवसापासून हसणं त्याच्या अंगवळणी पडलं.

पाठ गेली ती एका फ्रिजपायी. चौथ्या मजल्याच्या वळणावर पट्टा जरा सरकला, त्याने कमरेतून वळून तो सावरला आणि कमरेत कसलीतरी तार तुटल्यासारखी कळ उठली. तो हसला. लाकडाला किंवा पत्र्याला चिकटलेलं तोंड कोणाला दिसत नाही, तरीही हसला. फ्रिज पाचव्या मजल्यावर गेला, घरच्या बाईंनी पाणी दिलं, ते तो उभ्यानेच प्याला, कारण बसलो तर उठता येणार नाही हे त्याला कळून चुकलं होतं.

मग सुरू झालं ते दुखणं अंगावर काढणं. त्यात आमची माणसं पटाईत. तेल झालं, शेक झाला, कमरेला घट्ट फडकं झालं. तीन वर्षांच्या लेकीला पाठीवर चालवून झालं; तिला तो खेळच वाटायचा, ती भिंतीला हात लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची आणि उतरताना उडी मारायची. शेवटी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने एक पांढरी गोळी दिली. गोळी घेतली की तासाभरात कमर परत आपली व्हायची. आधी सकाळची एक, मग सकाळच्या दोन, मग दुपारचीही. दाजींना त्याने ताकास तूर लागू दिली नाही.

बायको मात्र त्याच एका खोलीत राहत होती, तिच्यापासून काय लपणार. ती शिवणाचं काम घरी आणायची आणि मशीनवर बसल्या बसल्या त्याचं उठणं बघायची. आधी कुशीवर, मग गुडघ्यावर, मग खाट धरून, मग भिंत धरून. बघून बघून एक दिवस तिने मशीन थांबवलं आणि सांगितलं की या सुट्टीला दवाखान्यात गेला नाहीत तर मी दाजींच्या घरी जाऊन सगळं सांगून येते. या धमकीने तो गेला.

आणि इथे त्याने ती चूक केली. मला त्याच्यावर चिडावंसं वाटतं, पण चिडता येत नाही, कारण त्या गोदामातल्या कोणत्याही गड्याने हेच केलं असतं.

सकाळी उठून त्याने दाढी केली. धुतलेला शर्ट घातला. आणि घरातून निघताना दोनऐवजी तीन गोळ्या घेतल्या. रांगेत दोन-तीन तास उभं राहायचं, वर पहिल्या मजल्यापर्यंत जिना. चारचौघांत म्हाताऱ्यासारखं वाकून जाणं त्याला पटेना. त्याचा नंबर आला तेव्हा गोळ्या अगदी भरात होत्या. डॉक्टर त्याच्याच वयाचा होता, डोळे झोपेने लाल झालेले. त्याने टेबलावर झोपायला सांगितलं आणि म्हणाला, पाय सरळ ठेवून वर उचला.

झालं. त्याच्या डोक्यात गोदामातलं लोखंडी कपाट उभं राहिलं. पांढऱ्या कोटातला माणूस उभा राहून तोंडाकडे बघतोय आणि काहीतरी उचलायला सांगतोय, याचा अर्थ त्याला आयुष्यात एकच माहीत होता. त्याने पाय उचलला. गोळ्यांच्या खालूनही कळ आली, मांडीच्या मागून थेट पोटरीपर्यंत गेली. तो हसला. डॉक्टरने तळव्याला हात लावून म्हटलं, दाबा, तर त्याने असा दाबला की डॉक्टर मागे सरकला आणि त्यालाही हसू आलं. दुखतं का, असं विचारलं तेव्हा हा म्हणाला, "थोडं. जड उचललं तर." पाय दुखतो का? "नाही, नाही." केसपेपरवर तपासणीची एक ओळ लिहिली गेली, मग निदान आणि सल्ला. स्नायू ओढला गेलाय, आठवडाभर विश्रांती घ्या, जड उचलू नका. आणि खाली तीच पांढरी गोळी.

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "पास झालो." तिलाही बरं वाटलं. त्या दिवशी दोघांनी लेकीला मधे घेऊन दुपारची झोप काढली, आणि दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला.

पुढचे पाच महिने मी लांबवत नाही. कमरेचं दुखणं थोडं कमी झालं आणि पायात उतरलं. मग पायातलंही कमी होऊ लागलं, तसा तो खूश झाला. पाय बधिर होत चालला होता, हे त्याला बरं होणं वाटलं. डाव्या पायातली चप्पल चालता चालता मागे राहायला लागली. त्याने चपलेला मागून नाडी बांधली आणि तो प्रश्न सोडवून टाकला.

शोध लावला तो लेकीने. तो पालथा पडला होता, ती त्याच्या पायांशी खेळत होती. उजव्या तळव्याला तिने गुदगुल्या केल्या, तो पाय झटकून हसला. डाव्याला केल्या, तर तो नुसताच पडून. तिने नखाने केल्या, मग कंगव्याने केल्या. बाबाचा एक पाय झोपलाय, असं तिने आईला ओरडून सांगितलं आणि दिवसभर तो विनोद येईल त्याला ऐकवत सुटली. बायकोच्या हातातली कात्री तशीच राहिली. ती उठून आली, तिने त्याच्या अंगठ्याला सुई टोचली. त्याने विचारलं, काय करतेस? त्याला सुई लागली म्हणून नव्हे, मान वळवल्यावर ती पायाशी वाकलेली दिसली म्हणून.

दुसऱ्या दिवशी तो तरीही कामावर गेला, आणि तिला दाजींकडे जावंच लागलं नाही. दोन दारांचं एक कपाट दुसऱ्या मजल्यावर नेताना खालच्याचा डावा पाय पायरीवर आलाच नाही. त्याच्या मते त्याने तो उचलला होता. बोटं पायरीच्या कडेला अडकली, गुडघा खाली आला, कपाट तिरकं झालं आणि सगळं वजन त्याच्या छातीवर यायच्या बेतात असताना वरून दाजी ओरडले, "टेक!" त्यांनी कपाट भिंतीला रेटून धरलं. दोघं तिथेच पायरीवर बसले. दाजींनी त्याच्या चपलेची नाडी बघितली, सोडली, पाय हातात घेऊन हलवून बघितला.

या खेपेला दवाखान्यात दाजी बरोबर निघाले. निघताना खालच्याने फळीवर हात फिरवला, तर गोळ्यांचं पाकीट जागेवर नव्हतं. ते बायकोच्या मुठीत होतं.

"दे इकडे, मला तिथवर चालता येणार नाही."

"नका चालू. दाजी धरतील," ती म्हणाली. "मागच्या वेळी तुम्ही गोळ्या खाऊन गेलात आणि त्या डॉक्टरला माझा नवरा दिसलाच नाही. आज जसे आहात तसे जा."

तो जसा होता तसा गेला. दहा मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास लागला. चार ठिकाणी थांबला, एकदा बंद दुकानाच्या पायरीवर आडवाच झाला. लोक प्यायलेला समजून वळसा घालून गेले. पहिल्या मजल्याचा जिना दाजींनी त्याला जवळजवळ पाठुंगळी घेऊन चढवला.

आजची डॉक्टर वयस्कर बाई होती. तिने त्याला झोपवलं आणि पाय त्याला उचलायला न सांगता स्वतःच टाचेत धरून हळूहळू वर न्यायला लागली, डोळे त्याच्या तोंडावर. पाय वीतभर वर गेला आणि कळ आली. सवयीने त्याचे दात दिसले. ती थांबली आणि म्हणाली, "हसताय का?"

त्याच्या कपाळावर घाम फुटला होता, हसू तसंच होतं. तिने पाय आणखी बोटभर वर नेला. तेव्हा त्याच्या तोंडून, हळू आवाजात, निघालं, "टेक."

बाईंना कळलं नाही. त्या पाय तसाच धरून दाजींकडे बघायला लागल्या. दाजी दाराशी उभे होते. ते पुढे आले, त्यांनी दोन्ही हात त्याच्या पायाखाली घातले आणि तो बाईंच्या हातातून घेऊन हलकेच टेबलावर टेकवला. म्हणाले, "दुखतंय त्याला."

मग बाईंनी डाव्या पायाचा अंगठा वर करायला सांगितला. खालच्याने केला. निदान त्याने केला असं त्याला वाटलं. मान उचलून त्याने बघितलं, तर अंगठा होता तिथेच होता. त्याने दात आवळून पुन्हा जोर लावला. उजवा अंगठा वर आला, डावा नाही. पाच-सहा वेळा त्याने करून बघितलं. बाईंनी त्याच्या नडगीवर हात ठेवला आणि पुरे म्हणाल्या.

मणक्याचा फोटो काढावा लागेल, बहुतेक ऑपरेशन करावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. मणक्यातली गादी सरकून शीर दाबली गेलीय, आणि ती बऱ्याच महिन्यांपासून दाबलेली आहे. दुखणं थांबेल. पायाची ताकद परत येईल का, हे मात्र सांगता येत नाही. थोडी येईल, कदाचित येणारही नाही. कपाटं आता विसरा. हे सगळं त्या शांतपणे बोलल्या. बोलताना त्यांनी जुना केसपेपर उलटून बघितला आणि एका ओळीवर बोट ठेवून वाचलं, "रुग्ण पाय पूर्ण उचलतो. त्रास नाही." त्यांनी विचारलं, "तेव्हा दुखत नव्हतं?"

"दुखत होतं," तो म्हणाला.

"मग सांगितलं का नाही?"

त्याने दाजींकडे बघितलं नाही, पण दाजींना उत्तर कळलं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंडावरून फिरवला आणि बाईंना म्हणाले, "हसायला मी शिकवलं, बाई." बाईंना हेही कळलं नाही. त्यांनी पुढच्या तारखा लिहून दिल्या.

बाहेर जिन्याशी आल्यावर खालचा कठड्याला धरून उभा राहिला. सव्वीस वर्षांचा माणूस, खाली मोजून अठरा पायऱ्या, आणि पहिली कशी उतरावी हे त्याला कळत नव्हतं. सवयीने तो पुढे व्हायला गेला, कारण उतरतानाही वजनाच्या खालच्या बाजूला तोच असायचा. दाजींनी त्याला दंडाला धरून थांबवलं. स्वतः दोन पायऱ्या उतरले, वळून त्याच्याकडे तोंड केलं, कुरकुरणारे गुडघे जरा वाकवले आणि त्याचे दोन्ही हात आपल्या खांद्यांवर ठेवून घेतले.

"टाक वजन," ते म्हणाले. "आजपासून मी खाली."

तेव्हा कुठे तो रडला. रडत रडतच त्याने डावा पाय उचलला, तो उचलला गेला की नाही हे वाकून बघितलं, आणि दाजी उलट्या पावलांनी एकेक पायरी सांगत खाली जायला लागले.